गिरमिट, बॅटरी आणि 'तत्सम लहान उपकरणे'



आजचा विषय ठरला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी फोन करून विचारलं, "सर, बर्फातली मासेमारी? पत्रिकेत काही चुकलं नाही ना?" काही चुकलेलं नाही. मागच्या दोन व्याख्यानांत आपण व्याख्या म्हणजे काय आणि तिचे दोष कोणते, हे पाहिलं. तेव्हा उदाहरणं पोथीतली होती, गाय आणि तिची शिंगं. आज एक जिवंत व्याख्या घेऊ. ती अमेरिकेच्या वनखात्याच्या नियमपुस्तिकेतली आहे आणि ती मोडली तर दंड होतो. समीक्षक कविता वाचतो तशी मी ती वाचणार आहे. सरकारी व्याख्या हा सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत जास्त पाळावा लागणारा वाङ्मयप्रकार आहे, असं माझं मत आहे. (हशा)

आधी जागा सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, 'बाउंडरी वॉटर्स' नावाचा प्रदेश आहे. सुमारे ११ लाख एकर जंगल, त्यात हजाराहून जास्त तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी डोक्यावर घेऊन मधली पायवाट तुडवायची. हा प्रदेश 'विल्डरनेस' म्हणून संरक्षित आहे. 'अरण्य' म्हटलं तर आपल्याला लगेच ऋषींचे आश्रम दिसायला लागतात, आणि अमेरिकन विल्डरनेसमध्ये आश्रम बांधायला सक्त मनाई आहे, म्हणून मी तो शब्द तसाच ठेवतो.

हिवाळ्यात ही तळी गोठतात. मार्चपर्यंत बर्फाची जाडी दोन-अडीच फूट सहज होते. लोक त्यावरून चालत जातात, भोक पाडतात, गळ सोडतात आणि बसतात. सगळा मासा लेक ट्राउटसाठी. पूर्णपणे या विल्डरनेसच्या आत असलेल्या तळ्यांवर ट्राउटचा हिवाळी हंगाम जानेवारीच्या सुरुवातीलाच उघडतो. बाहेरच्या तळ्यांवर साधारण दोन आठवडे उशिरा. आत पोचायला कष्ट पडतात, माणसं कमी येतात, म्हणून राज्य सरकारलाही थोडी सैल मुठ ठेवता येते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भोक पाडायचं कशानं? आपल्या सुताराकडे असतं तसंच, पण माणसाच्या छातीइतकं उंच गिरमिट असतं. ते हातानं फिरवायचं. काही जुने लोक सरळ पहार घेतात. भोक पडलं की वर तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला झारा असतो, अगदी आपला भजी तळायचा झारा. बाहेरच्या तळ्यांवर मात्र बहुतेक लोक पेट्रोलवर चालणारं गिरमिट वापरायचे, आणि आता बॅटरीचं वापरतात. विल्डरनेसमध्ये दोन्ही चालत नाहीत. काही तळ्यांवर विल्डरनेसची हद्द पाण्याच्या मधूनच जाते. म्हणजे त्याच बर्फावर इकडे बटण दाबायचं आणि तिकडे घाम गाळायचा.

माझी मुलगी आणि जावई मिनियापोलिसला असतात. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांनी मला एली नावाच्या गावाजवळ नेलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका तळ्याच्या मध्यभागी उभा राहिलो. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा, मी करतो." मी अर्थातच ऐकलं नाही. जेमतेम वीतभर खोल गेलो असेन, तेवढ्यात खांद्यानं राजीनामा दिला. पुढचं त्यांनी पूर्ण केलं. तिथं शेजारी भोकं पाडून बसलेले एक स्थानिक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "भोक ते भोकच. संध्याकाळपर्यंत पुन्हा गोठतं. तळ्याला काय कळतंय की ते बॅटरीनं पाडलं की हातानं?" प्रश्न चांगला होता आणि मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ते लागतंच. आजचं व्याख्यान हे त्या गृहस्थांना दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

मूळ कायदा १९६४चा, विल्डरनेस अॅक्ट. त्याचा मसुदा मुख्यतः हॉवर्ड झानायझर या माणसाचा. आठ वर्षं, साठहून जास्त खर्डे. आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ सप्टेंबर १९६४ला सही केली, त्याच्या चार महिने आधी तो वारला. या कायद्यात विल्डरनेससाठी त्यानं 'अनट्रॅमल्ड' हे विशेषण वापरलं. त्याच्या मित्रांनीच त्याला सांगितलं होतं की हा शब्द लोकांना कळणार नाही, साधा 'अस्पर्श' अशा अर्थाचा काहीतरी घाल. त्यानं ऐकलं नाही. आणि गंमत बघा, 'ट्रॅमल' म्हणजे मुळात मासे पकडायचं तीनपदरी जाळं. म्हणजे विल्डरनेस म्हणजे माणसाच्या जाळ्यात न सापडलेली जमीन. त्याला अस्पर्श म्हणायचं नव्हतंच. स्पर्श होऊ दे, माणूस येऊ दे, मासे पकडू दे, पण जागेला अडकवू नये, असा तो भेद आहे. त्याच कायद्यात पुढं म्हटलंय की माणूस इथं पाहुणा आहे, राहणारा नव्हे. हा 'पाहुणा' शब्दही ध्यानात ठेवा, कारण घोळ तिथं होणार आहे.

याच कायद्याचं चौथं कलम काही गोष्टींना मनाई करतं: मोटारवाहनं, मोटारबोटी, विमान उतरवणं, यांत्रिक वाहतूक आणि मोटारचालित उपकरणं. प्रशासनाला किमान गरजेपुरती सूट आहे. तरी वनखात्याचे लोक तिथं पडलेली झाडं कापायला बहुतेक वेळा दोन माणसांची लांब करवतच वापरतात, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. बाउंडरी वॉटर्ससाठी १९७८ला स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात तडजोडी आल्या. काही तळ्यांवर १० किंवा २५ अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारबोटी चालतात, स्नोमोबाइलला सीमेपर्यंतच्या ठरावीक वाटाच उरल्या. ही तडजोड गोडीगुलाबीनं झालेली नाही. १९७७ला एलीत सुनावणी झाली तेव्हा सिगर्ड ओल्सन या लेखकाचा, जो त्याच गावात राहत होता, पुतळा करून लोकांनी फासावर लटकवला होता. तेव्हा 'अमेरिकन लोकांना निसर्गाची किती आवड' असं सरसकट बोलू नये. ज्यांच्या अंगणातून नियम जातो त्यांना तो वेगळा दिसतो.

आता व्याख्या. वनखात्याची पुस्तिका सांगते, आशय माझ्या शब्दांत देतो: मोटारचालित उपकरण म्हणजे मोटार, इंजिन किंवा अन्य निर्जीव ऊर्जास्रोतावर चालणारं यंत्र. उदाहरणार्थ साखळी-करवत, जनरेटर, स्नोमोबाइल. मात्र हातात नेता येणारी, बॅटरी किंवा गॅसवरची लहान साधनं यात धरू नयेत. जसं की दाढीचं यंत्र, मनगटी घड्याळ, टॉर्च, कॅमेरा, स्टोव्ह, किंवा तत्सम लहान उपकरणं.

तर्कसंग्रह वाचलेल्यांना आता हसू येत असेल. व्याख्येचे तीन दोष आपण पाहिले. गाय म्हणजे जिला शिंगं आहेत, ही अतिव्याप्ती, म्हैसही आत आली. गाय म्हणजे कपिलवर्णी, ही अव्याप्ती, काळी गाय बाहेर राहिली. गाय म्हणजे एकाच खुराची, हा असंभव. 'निर्जीव ऊर्जेवर चालणारं यंत्र' म्हटलं तर घड्याळही आत येतं. शुद्ध अतिव्याप्ती. ती दुरुस्त करायला अपवाद जोडला: लहान, हातात नेता येणारं, बॅटरीवरचं. पण आज दुकानात मिळणारं बॅटरीचं गिरमिट काय आहे? हातात नेता येतं. बॅटरीवर चालतं. साध्या कॉर्डलेस ड्रिलला गिरमिटाचं पातं लावून लोक काम भागवतात, आणि ते ड्रिल भरलेल्या थर्मासइतकं असतं. म्हणजे अपवादानं गिरमिटच गिळलं. अपवादालाच अतिव्याप्ती झाली. आणि तरीही बर्फावर गिरमिट बेकायदा आणि दाढीचं यंत्र कायदेशीर, यात कुणाला शंका नाही. ज्या गोष्टीत कुणाला शंका नाही ती ज्या शब्दांत बसत नाही, ते शब्द चुकीचे आहेत.

सगळा भार येऊन पडलाय तो 'तत्सम' या शब्दावर. तत्सम म्हणजे कशाच्या सम? कोणत्या बाबतीत? सादृश्य सांगायचं तर साधारण धर्म सांगावा लागतो. मुख चंद्रासारखं म्हणताना आल्हाद हा धर्म असतो, वजन नसतं. (हशा) पुस्तिकेनं 'लहान' हा धर्म सांगितलाय, आणि आकार हा अगदी निरुपयोगी धर्म आहे, कारण यंत्रं दरवर्षी लहान होतात. साठच्या दशकात इंजिन म्हणजे मोठं, आवाज करणारं, धूर सोडणारं असं एकच चित्र होतं. मोठेपणा, आवाज आणि ताकद एकत्र नांदत होत्या. त्या तिघांची आज फारकत झाली आहे, आणि व्याख्या अजून त्यांना एकाच घरात शोधते आहे.

मग ती यादी पुन्हा वाचा. दाढीचं यंत्र माझ्या गालावर काम करतं. टॉर्च माझ्या डोळ्यांसाठी. स्टोव्ह माझ्या चहावर. घड्याळ माझ्या घाईवर. सगळी साधनं, ती बाळगणाऱ्यावर काम करतात. त्या जागेवर करत नाहीत. करवत झाडावर चालते, गिरमिट तळ्यावर चालतं. यादी लिहिणाऱ्याच्या मनात हाच धर्म असावा असं मला वाटतं, फक्त तो त्याला शब्दात पकडता आला नाही आणि त्यानं 'लहान' लिहून वेळ मारून नेली. निर्जीव शक्ती कुणाकडे तोंड करून उभी आहे, माझ्याकडे की जागेकडे, हा प्रश्न आकाराच्या प्रश्नापेक्षा फार चांगला आहे.

याला एक पुरावा देतो. १९९०च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यानुसार विल्डरनेसमध्ये व्हीलचेअर चालते. अट अशी की ती फक्त चालता न येणाऱ्या माणसासाठीच बनवलेली असावी आणि घरातही वापरता येण्यासारखी असावी. बॅटरीची असली तरी चालते. सायकल मात्र चालत नाही, जिला बॅटरीही नाही. म्हणजे कायद्यानं बॅटरीकडे पाहिलेलंच नाही. ही शक्ती कुणाच्या शरीराची उणीव भरून काढते की जागेवर सत्ता गाजवते, हे पाहिलं. माझ्या खांद्याला ही सवलत मिळावी का, असा प्रश्न मनात आला होता, लपवत नाही. पण माझ्या खांद्याला मासा मिळायचा हक्क नाही. मला तळ्यापर्यंत पोचता आलं आणि बसता आलं, तेवढा हक्क मला वाटतं पुरेसा आहे.

आता शेजारच्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. भोक ते भोकच. एका भोकापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. माशांचं रक्षण गिरमिटाच्या नियमानं होतच नाही. ते पकडीच्या मर्यादेनं होतं, मिनेसोटात लेक ट्राउट दोनच ठेवता येतात, मग भोक कशानंही पाडा. बॅटरीचं यंत्र फारसा आवाजही करत नाही. तेव्हा नियमाचे समर्थक पर्यावरण आणि शांतता ही जी दोन कारणं देतात, ती दोन्ही लंगडी आहेत. मी या नियमाच्या बाजूचा आहे, म्हणूनच मला त्याच्या वकिलांचा राग येतो.

खरं कारण भोकांच्या संख्येत आहे. दोन फूट बर्फात हातानं भोक पाडायचं तर माणूस आधी विचार करतो. किनारा कसा उतरतो, खडक कुठं असेल, मासा कुठं फिरत असेल. तीन-चार भोकं पाडतो आणि बसतो. हातात बॅटरी असली की तोच माणूस सकाळभरात तीस भोकं पाडतो, प्रत्येकात पाच मिनिटं गळ टाकतो आणि पुढं सरकतो. आता तो बसलेला राहिलाच नाही. तो तळं पिंजून काढतोय. म्हणजे गिरमिट हे नुसतं हत्यार उरलं नाही, ते अर्धं वाहन झालं. आल्बर्ट बोर्गमन हे तत्त्वज्ञ, जे मोंटाना विद्यापीठात शिकवत आणि अलीकडेच २०२३मध्ये गेले, त्यांनी १९८४च्या ग्रंथात शेगडी आणि सेंट्रल हीटिंग यांची तुलना केली आहे. लाकडाच्या शेगडीभोवती घर गोळा होतं, कुणी लाकडं आणतं, कुणी पेटवतं. हीटिंग फक्त ऊब पुरवतं आणि बाकी सगळं भिंतीत लपवतं. हाताचं गिरमिट शेगडीच्या बाजूचं आहे. बॅटरीचं गिरमिट भोक पुरवतं.

पण मंडळी, हा युक्तिवाद मी इथंच थांबवला तर ती लबाडी होईल. कारण त्याच बर्फावर माझ्या जावयांच्या पिशवीत एक छोटा पडदा होता, मासे शोधायचा सोनार. पाण्यात ध्वनीलहरी सोडतो आणि खाली काय हलतंय ते रेषांनी दाखवतो. लहान, हातात नेता येणारा, बॅटरीवरचा. तो चालतो, कुणी हरकत घेत नाही. माझ्या कसोटीवरही तो सुटतो, तो माझ्या डोळ्यांवर काम करतो, तळ्यावर नाही. आणि तरी मासा पकडण्यात गिरमिटापेक्षा त्याचाच हातभार मोठा. म्हणजे नियमानं स्नायूंची मदत अडवली आणि डोळ्यांची सोडून दिली. १९६४ला शक्ती म्हणजे इंजिन होतं. माहिती हीच शक्ती होईल, हे झानायझरच्या स्वप्नातही नव्हतं. माझी दुरुस्त व्याख्या इथं तोकडी पडते, हे मान्य करतो.

याहून मोठी अडचण 'पाहुणा' या शब्दाची आहे. हा प्रदेश ओजिब्वे लोकांचा. १८५४च्या तहानं त्यांनी तो अमेरिकन सरकारला दिला, पण तिथं शिकार आणि मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बॉइस फोर्ट या त्यांच्या एका गटातले काही जण बाउंडरी वॉटर्समध्ये मोटारवाहनं आणि मोटारचं गिरमिट घेऊन मासेमारीला गेले आणि त्यांच्यावर खटले झाले. गिरमिटाचा मुद्दा खालच्याच पातळीवर त्यांच्या बाजूनं निकालात निघाला: मासेमारीचा हक्क म्हणजे आजच्या हत्यारांनी मासेमारीचा हक्क. वाहनांचा प्रश्न आठव्या सर्किट न्यायालयापर्यंत गेला आणि २०००मध्ये ते तिथं हरले. मासे पकडणं तहात आहे, तिथं कसं पोचायचं ते तहात नाही, असा त्याचा मथितार्थ.

मला हा निकाल अर्धाच पटतो. हत्यार आणि वाहन असा भेद करायला सोपा आहे. पण १८५४ला ओजिब्वे माणसाची भूर्जसालीची होडी काय होती? तीच वाहन, तीच मासेमारीची जागा. तिच्यात बसूनच जाळं टाकत. त्या लोकांनी तहावर खूण केली तेव्हा 'पोचणं' आणि 'पकडणं' अशी दोन कलमं त्यांच्या डोक्यात असतील असं मला वाटत नाही. आणि आत्ताच आपण पाहिलं, तीस भोकं पाडणारं गिरमिट स्वतःच अर्धं वाहन असतं. न्यायालयानं ज्याला हत्यार म्हणून सोडलं तेही तत्त्वतः त्या भेदात नीट बसत नाही.

आणि मुळात, कष्ट हे मूल्य कुणासाठी? मी पाहुणा. मी तिथं मासा खायला गेलोच नव्हतो, खांदा दुखवून घ्यायलाच गेलो होतो. माझ्यासाठी कष्ट हाच अनुभव आहे, तो काढून घेतला तर हातात काही उरत नाही. ज्याच्या आजोबांचा हक्क तहात लिहिलाय तो पाहुणा नाही. त्याला 'तू आमच्यासारखा घाम गाळ, त्यात सौंदर्य आहे' असं सांगणं म्हणजे यजमानाला पाहुण्यांच्या पंक्तीत बसवून वाढायचं. हे अमेरिकन संसदेला कळत नाही असंही नाही. १९८०च्या अलास्काविषयीच्या कायद्यात तिनं संरक्षित क्षेत्रांतसुद्धा पारंपरिक कामांसाठी पुरेशा बर्फावर स्नोमोबाइल, शिवाय मोटारबोटी आणि विमानं वापरू दिली. तोच देश, तोच विल्डरनेस हा शब्द, पण तिथं माणसं आत राहतात हे आधीच कबूल केलं.

रामचंद्र गुहा यांचा १९८९चा निबंध मी विद्यार्थ्यांना वीसेक वर्षं शिकवला. त्यात त्यांनी विल्डरनेसची ही कल्पना भारतासारख्या देशात आणली की गरिबांच्या जमिनीवर गदा येते, असं मांडलं होतं. आपल्याकडे नागपूरजवळच्या पेंचमध्ये तोतलाडोह जलाशयाचं उदाहरण आहेच. मध्य प्रदेश सरकारनं विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले, त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९७ला न्यायालयानं ते परवाने राहू दिले, पण काठावर चूल पेटवायची नाही अशासारख्या अटी घालून. तिथं मोटारीचा प्रश्न आलाच नाही, चुलीचा आला. एलीच्या बर्फावर स्टोव्ह कायदेशीर आहे, कारण तो पाहुण्याचा आहे. ही तुलना पुरेशी बोलकी आहे, मी ती ताणत नाही. परिस्थिती वेगळी, वाघांचा प्रश्न वेगळा.

पूर्वी मी वर्गात म्हणायचो की विल्डरनेस ही पोटभरल्या लोकांची कल्पना आहे. आता तेवढ्या ठामपणे म्हणत नाही. तो नियम नसता तर त्या दिवशी तळ्यावर पन्नास यंत्रं घरघरत असती, आणि मी एका तळ्याच्या मध्यभागी उभा होतो हे मला कळलंही नसतं. पाहुण्यांसाठी हा नियम मला योग्य वाटतो. त्याचे शब्द नवे लिहायला हवेत. 'लहान' काढा. शक्ती कुणावर चालते ते लिहा. आणि तहाचा हक्क असलेल्यांना त्या वाक्यातून वगळा, वाहनांसकट, वाटा आणि संख्या त्यांच्याशी बोलून ठरवा. सोनारचं काय करायचं, ते मला अजून सुटलेलं नाही. त्या दिवशी, खरं सांगतो, जावयांनी भोक पाडल्यावर मी तो पडदा मांडीवर घेतला आणि तासभर त्या हिरव्या रेषाच बघत बसलो. मासा लागला नाही. मान वर केली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पलीकडच्या काठावरून कुत्र्यांची एक घसरगाडी जात होती. ती कधी आली, मला कळलंच नाही.

बरं, वेळ झाली. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत बाईंनी मघापासून हात वर केलाय, माइक जरा तिकडे द्या.